बंदर सोडून बोला

मराठीत पुस्तकपरीक्षण लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी मुखपृष्ठाला बरे म्हणायचे, मग छपाई सुबक आहे असे सांगायचे, मध्येच लेखकाकडून आपल्या फार अपेक्षा होत्या याची त्याला जाणीव करून द्यायची आणि शेवटी पुस्तक संग्राह्य आहे असा निर्वाळा देऊन ते रद्दीत टाकायचे. ही रीत मोडण्याचा माझा विचार नाही. फक्त परीक्षणासाठी घेतलेले पुस्तक जरा वेगळे आहे. ‘किनाऱ्यावरील सहली’ हे त्याचे नाव. लेखक अज्ञात, पृष्ठे बत्तीस, किंमत शून्य. मात्र फुकट मिळालेले पुस्तक वाचून संपेपर्यंत वाचकाला दरडोई पाच आकडी खर्चात उतरवण्याची ताकद मराठीतल्या दुसऱ्या कुठल्या ग्रंथात असल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

हा ग्रंथ आमच्या हाती कसा आला ते सांगतो. वाकडच्या माणसाचा पाण्याशी संबंध पूर्वी मुळा नदीमुळे येत असे, आता टँकरमुळे येतो. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या चार जोडप्यांनी समुद्रावर जायचे ठरवले तेव्हा वॉचमनसुद्धा चकित झाला. सिंगापूरला बोटीत बसायचे, क्लँग, पेनांग आणि फुकेत अशी तीन बंदरे घ्यायची आणि पुन्हा सिंगापूरला उतरायचे. तिकिटात राहणे आले, जेवण आले, रात्रीचे नाचगाणेही आले. आला नाही तो किनारा. तो वेगळा विकत घ्यायचा असतो. त्यासाठी हे पुस्तक.

पुस्तकावर मत देण्याचा अधिकार मला काय, असे कुणी विचारील. मी चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काढली आहेत. कुठला जॉब कुठल्या मशीनवर किती वाजता चढेल आणि किती वाजता उतरेल याचे तक्ते करण्यात माझी हयात गेली. ते तक्ते प्रत्यक्षात कधी उतरले नाहीत ही गोष्ट वेगळी. पण कागदावर सुंदर दिसणारा तक्ता शॉपमध्ये का कोसळतो, हे मला जितके कळते तितके सौंदर्यशास्त्रातल्या पंडितालाही कळत नसेल.

आधी भाषेविषयी. बत्तीस पानांत ‘अविस्मरणीय’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. मी मोजले. क्लँगच्या एका दिवसात सात अविस्मरणीय स्थळे आहेत. माणसाला लग्नाच्या दिवशीचे दोन-तीन प्रसंग आठवतात, तेही फोटो समोर असले तर. सात गोष्टी न विसरण्याची सक्ती एका दिवसात करणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून परीक्षेला बसवण्यासारखे आहे. दुसरा लाडका शब्द ‘फोटो स्टॉप’. म्हणजे बस थांबते, माणसे उतरतात, वास्तूकडे पाठ करून उभी राहतात आणि पुन्हा चढतात. क्वालालंपूरच्या जुळ्या मनोऱ्यांना पंधरा मिनिटांचा फोटो स्टॉप आहे. मनोरे ४५२ मीटर उंच. म्हणजे मिनिटाला तीस मीटर या वेगाने पाहावे लागतील. इतका फीड रेट आमच्या शॉपमध्ये कुणी लावला असता तर टूल तरी मोडले असते नाही तर ऑपरेटर तरी.

आता अंतराविषयी. या साहित्यप्रकाराचा खरा रस अद्भुत आहे आणि तो अंतराच्या वर्णनात उतरतो. या बाबतीत वाकडचा वाचक मोठा तयारीचा असतो. आम्ही इथे फ्लॅट घेतला तेव्हाच्या जाहिरातीत हिंजवडी पाच मिनिटांवर होती, स्टेशन पंधरा मिनिटांवर आणि विमानतळ तीस मिनिटांवर. ही मिनिटे खोटी होती असे मी म्हणणार नाही. ती रात्री अडीच वाजता रिकाम्या रस्त्यावरची मिनिटे होती. संध्याकाळी सहाला भूमकर चौकात उभे राहिले की पाच मिनिटे म्हणजे काय याचे जे तत्त्वज्ञान कळते, ते कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. म्हणून ‘बंदरापासून शहर निवांत प्रवासाच्या अंतरावर’ असे वाक्य आले की आम्ही नकाशा काढतो.

नकाशात असे दिसते की बोटीच्या जगात बंदराचे नाव एक आणि गाव दुसरेच. ‘रोम’ म्हणून उतरवतात ते चिव्हितावेक्क्याला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणून उतरवतात ल हाव्रला. तिथून पॅरिस सुमारे दोनशे. म्हणजे वाकडला उतरवून ‘आता नाशिक बघून संध्याकाळपर्यंत या’ म्हणण्यातला प्रकार. ‘बँकॉक’साठी लाएम चाबांग नावाचे बंदर आहे, तिथून बँकॉक सव्वाशे-दीडशे किलोमीटर, वाकडहून मुंबई तेवढीच. उद्या वाकडलाच कुणी धक्का बांधला तर त्यावर ‘मुंबई’ अशी पाटी लावायला हरकत नसावी. आमचे क्लँग त्या मानाने सज्जन. तिथून क्वालालंपूर चाळीस-पन्नास किलोमीटर.

तर क्लँगच्या सहलीचा तक्ता मी माझ्या पद्धतीने मांडला. बोट सकाळी आठला लागते, संध्याकाळी सहाला सुटते. पुस्तक म्हणते, ‘संपूर्ण दहा तास आपले!’ आता बघा. आठला लागली तरी कागदपत्रे होऊन बसमध्ये बसायला नऊ. सहाला सुटायची तर बसवाला साडेचारलाच धक्क्यावर आणून सोडणार. राहिले साडेसात तास. जाण्यायेण्याचे अडीच. राहिले पाच. भारतीय जेवण एक तास. राहिले चार. सात स्थळी चाळीस माणसांनी बसमधून उतरायचे आणि पुन्हा चढून डोकी मोजून घ्यायची, याला प्रत्येकी दहा मिनिटे धरली तर सत्तर मिनिटे. गावातल्या गावात फिरायला दीड तास. बाकी उरली ऐंशी मिनिटे, भागिले सात. एका अविस्मरणीय स्थळाच्या वाट्याला साडेअकरा मिनिटे येतात. त्यातच प्रसाधनगृह. या विषयावर हे पुस्तक संपूर्ण मौन पाळते. साठी उलटलेल्या आठ माणसांच्या सहलीचा नायक खरे तर तोच असतो. पण नायकाचे नावही नाही.

हा तक्ता मी बैठकीत वाचून दाखवला. एकजण म्हणाले, “तुम्ही फार खोलात जाता राव. सहल आहे, कारखाना नाही.” त्यांचे हे म्हणणे मात्र इतिहासाला धरून नाही. जलपर्यटनाचा जन्मच मुळी प्लॅनिंग खात्यातला आहे. हॅम्बुर्गच्या एका बोट कंपनीचे आल्बर्ट बालीन यांच्यापुढे प्रश्न होता की हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नसते, मग मोठाल्या बोटी रिकाम्या ठेवायच्या काय? १८९१ च्या जानेवारीत त्यांनी ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्राच्या सफरीला काढली. रिकामे मशीन दिसले की त्यावर जॉब चढवायचा! या माणसाचा फोटो आमच्या खात्यात का नव्हता, असे मला आता वाटते.

आणि किनाऱ्यावरच्या सहलींचे पहिले मोठे परीक्षण त्याच्याही आधीचे आहे. १८६७ साली ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट अमेरिकेहून युरोप आणि पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली. तीत मार्क ट्वेन होता. १८६९ साली त्याने ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक लिहून बंदरोबंदरीच्या सहलींची, वाटाड्यांची आणि स्वतःसकट सगळ्या सहप्रवाशांची भरपूर टर उडवली. गावोगावच्या वाटाड्यांची नावे लक्षात राहीनात म्हणून ही मंडळी प्रत्येकाला ‘फर्ग्युसन’च म्हणत. आपल्याकडे ते नाव एका कॉलेजवर आणि एका रस्त्यावरच थांबले. सांगायचे ते एवढेच की दीडशे वर्षांत बोटी मोठ्या झाल्या, पण फर्ग्युसन तोच आणि त्याच्यामागे छत्री बघत धावणारे आपणही तेच.

या पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक भाग शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आहे. एकही विशेषण नसलेले हे मला सापडलेले एकमेव पान. त्यातला मजकूर असा: बोटीने आयोजित केलेल्या सहलीची बस उशिरा आली तर बोट तिची काळजी वाहील, तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर गेलात आणि उशीर झाला तर बोट थांबणार नाही, पुढचे बंदर तुमचे तुम्ही गाठायचे. टीकाकाराने न्यायी असावे म्हणून सांगतो, बोटीची सहल महाग असते त्यातली निम्मी किंमत या एका वाक्याची आहे आणि ती फुकट जात नाही. लांबच्या शहराला जायचेच असेल तर बोटीच्याच बसने जावे. स्वतंत्र टॅक्सीत वाचवलेले पैसे पुढच्या बंदराच्या विमानतिकिटात कसे वळते होतात, हे शाळेत त्रैराशिक शिकलेल्या कुणालाही समजेल.

त्याच पानावर ‘बोटीची वेळ पाळावी’ एवढेच एक वाक्य आहे. याचा अर्थ मात्र फोडून सांगितलेला नाही, म्हणून मी सांगतो. सिंगापूर आणि मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, थायलंडचे दीड तास. बोटीने सिंगापूरचीच वेळ ठेवली तर फुकेतच्या किनाऱ्यावर चार वाजलेले असताना बोटीवर पाच वाजलेले असतात. मोबाइल किनाऱ्यावर पाय ठेवताच आपणहून घड्याळ बदलतो, कुणाला विचारत नाही. पाचला परतायचे म्हणून तुम्ही चारला शहाळे फोडायला बसावे आणि तिकडे बोटीची शिडी वर जावी, असा हा प्रकार. यावर तोडगा साठ वर्षांपूर्वीचा. हातात किल्लीचे घड्याळ बांधावे. ते आपल्या मनाने काही करीत नाही.

फुकेतच्या प्रकरणात ‘टेंडर’ हा शब्द येतो. आमच्या सोसायटीचे चिटणीस म्हणाले, “म्हणजे तिथेही तीन कोटेशन्स मागवायची?” मलाही टेंडर म्हटले की लाखेने बंद केलेले लिफाफेच आठवतात. पण हे टेंडर म्हणजे छोटी होडी. पातोंगच्या उपसागरात पुष्कळशा मोठ्या बोटी खोल पाण्यातच नांगर टाकतात आणि उतारूंना छोट्या होड्यांतून किनाऱ्याला नेतात. पुस्तकात याला ‘रोमांचकारी अनुभव’ म्हटले आहे.

इथपर्यंत चारही बैठकांत आमची सौ. एक शब्द बोलली नव्हती. तिने दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलून घेतला आहे. पुस्तकात प्रत्येक सहलीपुढे श्रमाच्या मानाने एक, दोन किंवा तीन बूट छापलेले आहेत. बाटू केव्ह्जला दोन बूट आहेत. तिथे २००६ साली उभारलेली मुरुगनची सुमारे ४३ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती आणि मागे गुहेपर्यंत २७२ पायऱ्या. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. पर्वतीवर त्याच्या दाराशी थबकणाऱ्या आमच्या बायकांनी परदेशात जाऊन त्याच्यासाठी २७२ पायऱ्या चढाव्यात आणि त्याही साडेअकरा मिनिटांत, हा काव्यगत न्याय असेल. गुडघ्याच्या डॉक्टरांना तो मान्य होणार नाही. इतर मंडळी मोठ्या प्रेमाने म्हणाली, “वहिनी, तुम्ही बसमध्ये बसून राहा ना! एसी असतो.” आयुष्यभराच्या बचतीतून समुद्र ओलांडून जायचे आणि परक्या गावाच्या पार्किंगमध्ये बसमध्ये बसून राहायचे! त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हते. त्या पुस्तकात तीन बूट आहेत, पण बसलेल्या माणसाचे चित्रच नाही. म्हणून तीही तशीच बोलत होती.

टेंडरचे वर्णन मात्र सौ.ने दोनदा वाचले आणि म्हणाली, “अहो, हा तर पडाव.”

ती मालवणची. १९६० च्या दशकात मुंबईहून सुटणारी बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करीत मालवणला यायची. धक्क्याला लागायची सोय नसे. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, रडणारी पोरे असे सगळे पडावात उतरून किनाऱ्याला येई. लाटेबरोबर पडाव वर आला की बरोबर त्या क्षणी पाय टाकायचा. हा रोमांच तिकिटातच धरलेला असे, त्याचे वेगळे बूट छापत नसत. एका बाजूला सिंधुदुर्गाचा तट, समोर वाळूवर न्यायला आलेली माणसे. आपल्या भाषेत ‘बोट लागली’ म्हणजे बोट बंदराला आली, आणि ‘बोट लागली’ म्हणजे पोटात ढवळून आले. कोकणातल्या माणसाला दोन्ही एकदमच होत, म्हणून एकाच शब्दात भागत असावे. ती सांगते, भोंगा ऐकू आला की अख्खे बंदर जागे व्हायचे. माझ्या आयुष्यात भोंगा म्हणजे पाळी सुटली. तिच्या आयुष्यात भोंगा म्हणजे बाबा आले.

“तुला कुठली सहल घ्यायची?” मी विचारले.

“माका बंदर बघूचा आसा,” ती म्हणाली. ती मालवणीत बोलली म्हणजे विषय संपला असे आमच्या घरी समजतात.

मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळले आणि या ग्रंथाचा मूलभूत दोष तेव्हा माझ्या ध्यानात आला. तीन बंदरे, बत्तीस पाने, सव्वीस सहली. आणि त्यात बंदर कुठेच नाही. देऊळ आहे, मॉल आहे, फुलपाखरांची बाग आहे, चॉकलेटचे दुकान तर दोनदा आहे. बंदर म्हणजे फक्त बसमध्ये बसायची जागा. किनाऱ्यावरील सहलींच्या पुस्तकातून किनाराच गळावा, ही मुद्रणदोषात बसणारी गोष्ट नाही. बोटवाल्याला बंदर विकता येत नाही, कारण ते उतरल्याबरोबर फुकट समोर असते. जे फुकट असते त्याला पुस्तकात पान मिळत नाही.

याचा सज्जड पुरावा म्हणजे पेनांग. इथे पुस्तकाने चार बससहली सुचवल्या आहेत. आणि नकाशा सांगतो की बोट लागते तो स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउन गावाच्या उंबऱ्यावरच आहे. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेले हे गाव धक्क्यापासून चालत सुरू होते. बाहेर पडताच राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षे झाली म्हणून बांधलेला ६० फुटी घड्याळाचा मनोरा, वर्षाला एक फूट या दराने. शेजारी कॉर्नवॉलिसचा किल्ला. पुढे तमिळ लोकांची पेठ आणि तिथे १८३३ सालचे महामारिअम्मनचे देऊळ, पायऱ्यांची दमछाक नसलेले. आणि समुद्राच्या कडेने गेले की चिनी कुळांचे धक्के: पाण्यात लाकडी खांब रोवून त्यांवर उभी केलेली घरे, मधून फळ्यांची वाट, आणि धक्क्याला कुळाचे आडनाव. आपल्याकडे भाऊचा धक्का, तसा तिकडे च्यू मंडळींचा धक्का. बोटीतून माल उतरवणारी माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. पुस्तकात याला अर्धी ओळ आहे, तीही ‘वेळ उरल्यास’ या सदरात.

तेव्हा आमचा तक्ता असा ठरला आहे. क्लँगला मंडळी बोटीच्या बसने क्वालालंपूरला जाणार, मी आणि सौ. डेकवर बसून क्रेन कशा चालतात ते बघणार; कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा सायकल टाइम काढायचे मी मनात योजले आहे. पेनांगला सगळ्यांनी मिळून तिच्या चालीने चालायचे. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सबंध लाइन चालते, हा प्लॅनिंगचा पहिला धडा. तो पाळला तर कुणाला बसमध्ये बसून राहावे लागत नाही. सकाळी एक गोष्ट, दुपारी एक गोष्ट, मध्ये चहा, आणि परतीच्या आधीचा दीड तास कोरा. चिटणीस म्हणाले, “कोरा म्हणजे काय करायचे?” मी म्हटले, काही नाही. तक्त्यात रिकामी जागा ठेवली नाही की मशीन स्वतःची जागा स्वतः करून घेते, बिघडून. फुकेतला पडावातून उतरायचे आणि वाळूत बसायचे. समुद्र तसा असला तर तेही नाही. लाट उंच असेल तर नव्या गुडघ्याने पडावाशी पैज लावायची नसते. मग बोटीतूनच बघायचे.

राहता राहिला प्रश्न तिथे न्यायला कोण येणार याचा. सौ.चे म्हणणे असे की कुणी येणार नसले तरी दुसऱ्याला न्यायला आलेली माणसे बघता येतात. बंदरात तेवढे फुकट असतेच. यावर मला काही बोलायला सुचले नाही. तिच्या बंदरावर न्यायला येणारी माणसे आता राहिली नाहीत आणि ती बोटही केव्हाच बंद पडली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

असो. परीक्षण पुरे करतो. मुखपृष्ठ आकर्षक आहे. त्यावरचा समुद्र आतल्या पानांत कुठे दिसत नाही, तेवढी उणीव पुढच्या आवृत्तीत दूर करावी. छपाई सुबक. शेवटचे पान मोठ्या टायपात छापून पहिले करावे. बुटांच्या शेजारी एक खुर्ची छापावी. आणि प्रत्येक बंदराच्या प्रकरणात एक पान कोरे सोडून वर नुसते ‘बंदर’ असे लिहावे. बाकीचे ज्याचे त्याने भरून घेईल. एरवी पुस्तक संग्राह्य आहे. आमच्या घरी ते रद्दीत गेलेले नाही. क्लँगच्या पानावर सौ.ने दुधाचा हिशेब मांडला आहे आणि शेवटचे पान कापून मी पासपोर्टमध्ये ठेवले आहे.